बर्फावर गाडी कोण सांभाळतं: चालक की कॉम्प्युटर?

हिवाळा लागला की या सदराच्या टपालात मनाली-सिस्सूचे प्रश्न वाढतात. यंदा स्वीडन-कॅनडातल्या वाचकांचीही पत्रं आहेत. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर किती विसंबायचं, याभोवतीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जानेवारीत पुण्याहून कुटुंबासह मनाली आणि पुढे अटल बोगद्यातून सिस्सूला जायचं आहे. गाडी ऑटोमॅटिक एसयूव्ही, इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना. एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारा), ईएससी (घसरती गाडी सावरणारी), हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग धरणारा) आणि 'स्नो' मोड आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, एवढं असल्यावर चेन कशाला? मेव्हणा म्हणतो, चेनशिवाय पोलीस पुढे सोडत नाहीत. कोणाचं ऐकू? – वाचक, चिंचवड

मेव्हण्याचं ऐका. बर्फ पडल्यावर सोलंगच्या पुढे बहुधा फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच सोडतात, आणि बर्फ जास्त असेल तर कुणालाच नाही. पण पोलीस नसते तरी आमचं उत्तर हेच असतं.

गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स एकच काम करते: टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे, ती चार चाकांत नीट वाटून देते. नसलेली पकड तिला आणता येत नाही. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचं माप, साधारण 0.8 असतो, गाड्यांनी दाबून बसलेल्या बर्फावर 0.25च्या आसपास, आणि काचेसारख्या बर्फावर 0.1 किंवा त्याहूनही कमी. ताशी 40 किलोमीटरवर पूर्ण ब्रेक दाबला, तर सपाट कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे 8 मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर 25 मीटर लागतात आणि काचबर्फावर 63. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. ताशी 20 वर काचबर्फावर 16 मीटर पुरतात, म्हणजे वेग निम्मा केला की अंतर चौथाई होतं. हे तुमच्या हातात आहे, गाडीच्या नाही.

त्यात उतार धरा. रस्ता शंभर मीटरला सहा मीटर उतरत असेल, तर 0.1 पैकी 0.06 पकड गाडीला नुसतं धरून ठेवण्यातच खर्च होते आणि थांबवायला उरते 0.04. मग त्याच ताशी 20 वर 16 ऐवजी 39 मीटर लागतात. शंभराला दहाचा उतार असेल तर काहीच उरत नाही. हिल डिसेंट कंट्रोल इथेच तोंडघशी पडतो. तो एबीएसच्याच झडपा वापरून चाकांना ब्रेक लावतो आणि ताशी आठ-दहाचा वेग धरून ठेवायला बघतो. उतारावर मुरूम किंवा चिखल असेल तर तो झकास चालतो. काचबर्फावर मात्र खडखड आवाज येत राहतो आणि गाडी वेग घेत जाते.

मनाली सुमारे 2,050 मीटर उंचीवर आहे आणि बोगद्याचं दक्षिण तोंड सुमारे 3,060 मीटरवर. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरमध्ये हजार मीटरचा चढ. सकाळी चढताना जो त्रास जाणवत नाही, तो संध्याकाळी उतरताना जाणवतो. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी रस्त्यावरून ओघळतं आणि डोंगराची सावली पडली की गोठतं. खालचं काळं डांबर आरपार दिसत असल्याने तो भाग फक्त ओला वाटतो. नाल्याजवळची वळणं, पुलांवरचे पट्टे, देवदारांच्या सावलीतला रस्ता या त्याच्या ठरलेल्या जागा. बाहेरचं तापमान 3-4 अंशांवर आलं की बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावर हिमकणाचं चिन्ह येतं. ते तापमान हवेचं असतं. रस्ता त्याआधीच शून्याखाली गेलेला असू शकतो. म्हणून सिस्सूहून दुपारी दोनच्या आत परत फिरा.

स्नो मोड काय करतो, तर ॲक्सिलरेटर मऊ करतो, गाडी वरच्या गिअरमध्ये सुरू करतो आणि चाक फिरू लागण्याआधीच ताकद कापतो. सुरुवात करताना याचा खरोखर उपयोग होतो. पण क्रेटा-सेल्टॉससारख्या गाड्यांत हा मोड असला तरी ओढणारी चाकं पुढची दोनच. चढावर वजन मागे सरकतं आणि नेमकी हीच चाकं हलकी होतात. ब्रेक मारताना तर मोडचा संबंधच नाही.

आता चेन. टायरच्या बाजूवर 215/60 आर17 असा काहीतरी आकडा असतो, त्याच मापाची घ्या. 'सगळ्यांना बसते' अशी चेन कुणालाच नीट बसत नाही. गाडीच्या पुस्तिकेत चेनला परवानगी आहे का, कोणत्या मापाच्या टायरवर आहे, ते आधी बघा. काही गाड्यांत मोठ्या टायरमागे जागा नसते आणि चेन सस्पेन्शन किंवा ब्रेकच्या पाइपला घासते. तुमच्या गाडीत ती पुढच्या दोन्ही चाकांना लागेल. घरच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघा. तिथे बोटं बधिर झाल्यावर चेनचा आकडा (हूक) सापडत नाही. मागची कडी आधी टायरमागून घेऊन वर जोडायची, मग पुढचे आकडे, शेवटी ताणपट्टा. आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला हवीत, नाहीतर ती टायरच्या गालात रुततात. शंभरेक मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणा, कारण पहिल्या फेऱ्यांत चेन सैल होतेच. वेग ताशी 30च्या आत. रस्ता कोरडा लागला की काढा. डांबरावर कडी तुटते आणि सुटलेलं टोक चाकाच्या कमानीवर आपटत राहतं.

एक गोष्ट चेन विकणारा सांगत नाही. फक्त पुढे चेन असली की पुढची चाकं धरतात आणि मागची मोकळीच राहतात. उतारावर वळणात ब्रेक दाबला तर गाडीचा मागचा भाग बाहेर फिरायला बघतो. ईएससी त्याला थोडंफार आवरते, पण मागच्या टायरला पकडच नसेल तर तीही हतबल. वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर कमी करा आणि वळणात ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नका. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड घेऊन पहिला-दुसरा गिअर धरा.

प्रश्न : वरंध, आंबेनळी, ताम्हिणी या घाटांत पंचवीस वर्षं गाडी चालवतो आहे, पावसात, धुक्यात, सगळ्यात. एबीएसमुळे बर्फावर गाडी उलट उशिरा थांबते असं वाचलं. मग एबीएसचा फ्यूज काढून जुन्या पद्धतीने ब्रेक 'पंप' करणं बरं नाही का? – वाचक, महाड

तुम्ही वाचलं ते अर्धं खरं आहे. भुसभुशीत ताजा बर्फ, वाळू किंवा सुटी खडी यांवर चाक लॉक झालं तर त्याच्यापुढे ढीग साचतो आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवतो, त्यामुळे ढीग साचत नाही आणि थांबायचं अंतर वाढतं. पण दाबलेल्या किंवा काचबर्फावर साचायला काही नसतंच. तिथे लॉक झालेलं चाक घसरगुंडी होतं, आणि स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी ज्या दिशेने निघाली त्याच दिशेने जाते. घाटात दरीकडच्या बाजूला दोन मीटर लवकर थांबण्यापेक्षा वळता येणं मोलाचं.

पाय ब्रेक 'पंप' करतो तेव्हा चारही चाकांचा दाब एकदम चढतो-उतरतो, आणि तोही सेकंदाला दोन-तीनदाच. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजतो आणि दाब सेकंदाला दहा-पंधरा वेळा बदलतो. सावलीतलं डावं चाक बर्फावर आणि उजवं डांबरावर असेल, तर दोन्हीकडे वेगळा दाब देणं कुठल्याही पायाला शक्य नाही. फ्यूज काढला की ईएससी जाते आणि पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी करणारी ईबीडीही जाते. मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गोल फिरू शकते. फ्यूजला हात लावू नका.

एबीएस असलेल्या गाडीत चूक होते ती वेगळीच. पेडल पायाखाली थरथरतं, करकर आवाज येतो, काहीतरी मोडलं असं वाटून चालक पाय उचलतो. पाय दाबूनच ठेवायचा आणि नजर मोकळ्या जागेकडे न्यायची. भारतात 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचा आहे, पण ही थरथर कशी लागते ते निम्म्या मालकांना माहीत नसावं, असा आमचा अंदाज आहे. ती आधी अनुभवा. मागेपुढे कुणी नसलेला सपाट, सरळ रस्ता बघा, ताशी 15-20 वर जोरात ब्रेक दाबा. हीच परीक्षा डोंगरात रस्ता जोखायलाही कामी येते. हलक्या दाबालाच थरथर सुरू झाली, तर खाली पकड नाही आणि वेग तिथूनच उतरवायला हवा.

तुमच्या पंचवीस वर्षांतलं काय उपयोगी पडेल? ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायची सवय. समोरच्या गाडीला वाट द्यायला कुठे थांबायचं याची जाण. काय आड येईल? चिखलाची सवय. चिखलात थोडी जास्त रेस दिली की टायर खाली रुतून घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. काचबर्फात रुतायला काही नसतं. फिरणारं चाक बर्फाला पॉलिश करतं आणि वर पाण्याचा पातळ थर आणतं. खालचा गिअर टाकून झटकन क्लच सोडण्याची सवयही तशीच घातक. इंजिनाच्या झटक्याने ओढणारी दोन चाकं क्षणभर अडतात आणि तेवढं पुरतं. क्लच सावकाश सोडा. 20 मीटर त्रिज्येचं हेअरपिन वळण कोरड्या रस्त्यावर ताशी 45 पर्यंत निघतं, दाबलेल्या बर्फावर 25, काचबर्फावर 16. हे हिशेबातले टोकाचे आकडे आहेत, प्रत्यक्षात याच्या बरंच खाली राहा.

प्रश्न : नोकरीसाठी स्टॉकहोमला आलो. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, सगळं नव्याने करावं लागतंय, त्यात घसरड्या ट्रॅकवरचं सक्तीचं प्रशिक्षणही आहे. आजच्या गाड्यांत ईएससी असताना हे जुनाट नाही का? आणि टायर कोणते घेऊ? – वाचक, स्टॉकहोम

तुम्ही ईएससीवर विसंबता, तसाच नॉर्वे प्रशिक्षणावर विसंबला आणि त्याने हात पोळून घेतले. तिथे 1979 पासून नव्या चालकांना घसरलेली गाडी सावरायचं शिक्षण सक्तीचं झालं. 1980च्या दशकाच्या शेवटी तपासलं, तर तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. कौशल्य थोडं आलं आणि भीड बरीच चेपली. त्यानंतर उत्तरेकडच्या देशांत या प्रशिक्षणाचा रोख बदलला. तुम्हाला स्वीडनमध्ये जे करायचं आहे, त्या जोखीम-प्रशिक्षणाच्या दुसऱ्या भागात तुम्हाला रॅली-चालक बनवत नाहीत. थोडा वेग वाढल्यावर थांबायचं अंतर किती लांबतं, आणि ईएससी असूनही गाडी वळणाबाहेर कशी सरळ निघून जाते, हे तुमच्याच डोळ्यांना दाखवतात. मन लावून करा.

ईएससीला कमी लेखू नका हेही तितकंच खरं. स्टेअरिंग कुठे वळलंय, गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय आणि चाकांचे वेग किती, यांची ती सतत तुलना करते. मागचा भाग बाहेर निघाला तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते. गाडी वळतच नसेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. एकाच चाकाला ब्रेक लावणारं पेडल माणसाकडे नाही, त्यामुळे या कामात निष्णात चालकही तिच्या मागे राहतो. 1995 मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ती बाजारात आणली, तेव्हा ती महागड्या गाड्यांपुरती होती. 1997 मध्ये स्वीडनमधल्याच एका चाचणीत, रस्त्यावर अचानक आलेल्या एल्कला (मोठ्या हरणाला) चुकवावं तशी वळवताना, छोटी मर्सिडीज ए-क्लास उलटली आणि मग कंपनीने त्या सगळ्या गाड्यांत ईएसपी, म्हणजे हीच ईएससी, दिली. नोव्हेंबर 2014 पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची आहे.

तरी घसरलंच तर हातांनी काय करायचं? पुढची चाकं धरत नसतील, गाडी सरळच चालली असेल, तर स्टेअरिंग आणखी वळवण्याचा मोह आवरा. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग किंचित सरळ करा, टायरने पकड घेतली की पुन्हा वळवा. मागचा भाग निघाला तर जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टेअरिंग तिकडे न्या, मॅन्युअल गाडी असेल तर क्लच दाबा. ईएससी स्टेअरिंगवरूनच तुमचा इरादा ओळखते. ते सोडून दिलं किंवा भलतीकडे फिरवलं तर ती भलतंच करेल.

टायर: 1 डिसेंबर ते 31 मार्च, रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे, खाच किमान 3 मिलिमीटर. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह बघूनच घ्या. ते बर्फावरच्या चाचणीनंतर मिळतं. 'एम प्लस एस' ही अक्षरं उत्पादक स्वतःच छापू शकतो. खिळ्यांचे टायर 1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल चालतात, मात्र शहरातल्या हॉर्न्सगाटानसारख्या रस्त्यांवर त्यांना बंदी आहे. तुमचा बहुतेक प्रवास शहरातच असेल तर बिनखिळ्यांचे घ्या. उत्तरेकडे किंवा तळ्याकाठच्या गावी नेहमी जाणार असाल तर खिळ्यांचे, कारण शून्याच्या आसपासच्या ओल्या काचबर्फावर त्यांना तोड नाही.

प्रश्न : सोलंगजवळ गाडी पार्किंगमधून निघेना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनच दमायचं, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकायचा. शेवटी चौघांनी ढकलली. बिघाड होता का? – वाचक, नाशिक

बिघाड नाही. चाक जागच्या जागी फिरतंय हे ट्रॅक्शन कंट्रोलने ओळखलं आणि इंजिनाची ताकद कापली. खोल बर्फातून निघायला चाक थोडं फिरू द्यावं लागतं, तेवढंही ते देत नाही.

पुढच्या वेळी आधी चाकांपुढचा आणि सायलेन्सरच्या तोंडाजवळचा बर्फ फावड्याने काढा. सायलेन्सर बुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येऊ शकतो. चाकं सरळ करा. ईएससी ऑफचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, काही सेकंद दाबून धरलं की ईएससीही. इथे पहिलंच पुरे. दुसरा गिअर, जेमतेम रेस. निघाली नाही तर थोडी मागे, थोडी पुढे अशी झुलवा. गाडी उभी आणि स्पीडोमीटर 15-20 दाखवतोय असं झालं की थांबा, तुम्ही खड्डा खणताय. ओढणाऱ्या चाकांखाली वाळू, बारीक खडी किंवा पायपुसणी टाका आणि कुणालाही चाकाच्या रेषेत उभं राहू देऊ नका, पायपुसणी गोळीसारखी उडते. निघालात की बटण पुन्हा चालू.

एका परिस्थितीत हे बटण दाबू नका: एक चाक बर्फावर आणि दुसरं डांबरावर असेल तेव्हा. साधा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) सगळी फेरी मोकळ्या चाकाला देऊन टाकतो. ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावून ताकद डांबरावरच्या चाकाकडे वळवतं. तिथे तेच तुम्हाला बाहेर काढेल.

प्रश्न : फोर-बाय-फोर आहे. मनाली ते सिस्सू पूर्ण 4एच वर (चारही चाकांना ताकद) ठेवली तर चालेल ना? – वाचक, कोल्हापूर

लिव्हरने 4एच टाकायची गाडी असेल, थार किंवा जिम्नीसारखी, तर नाही. 4एच मध्ये पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना जखडलेला असतो. वळणात पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. बर्फावर टायर थोडा घसरून तो फरक मिटवतो, कोरड्या डांबरावर घसरता येत नाही आणि ताण ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) व शाफ्टवर येतो. स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते. बोगदा 9.02 किलोमीटरचा आहे; आत कोरडं असेल तर 2एच (दोनच चाकांना ताकद) करा, बाहेर पडण्याआधी सरळ रस्त्यावर पुन्हा 4एच. चालत्या गाडीत किती वेगापर्यंत बदलता येतं ते पुस्तिकेत असतं. 4एल साठी (चारही चाकांना ताकद, पण खालच्या गिअरची संथ ओढ) मात्र थांबून न्यूट्रल करावं लागतं, आणि बऱ्याच गाड्यांत 4एल मध्ये ईएससी बंद होते. उतारावर 4एच चा खरा फायदा म्हणजे इंजिनाचा ब्रेक चारही चाकांना मिळतो. पायाच्या ब्रेकला काही फायदा नाही. चार चाकांना ब्रेक अल्टोलाही असतात. चढ सहज चढलेली फोर-बाय-फोर उतारावर दरीच्या कठड्याला टेकलेली दिसते, त्याचं कारण हेच.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी एका पेडलवर चालवायची सवय आहे. बर्फात चालेल? – वाचक, नागपूर

रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरच गाडी मंदावून बॅटरी चार्ज करते ती सोय, सर्वांत खालच्या पायरीवर आणा. रीजनचा ब्रेक फक्त मोटर असलेल्या ॲक्सलवर लागतो. पुढे मोटर असलेल्या गाडीत पाय झटकन उचलला की पुढचीच चाकं अडतात आणि वळणात गाडी सरळ जाऊ लागते. ब्रेक पेडल चारही चाकांत दाब वाटतं, ते वापरा. दुसरं, हॉटेलात रात्रभर शंभर टक्के चार्ज केलेली किंवा गारठलेली बॅटरी रीजन घेतच नाही. पाय उचलल्यावर रोजच्यासारखी गाडी मंदावणार नाही, आणि ते नेमकं सकाळच्या पहिल्या उतारावर कळेल. 80-90 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

प्रश्न : मिसिसागात राहतो. नव्या गाडीत ॲडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारी सोय) आणि आपोआप लागणारा ब्रेक आहे. हिमवर्षावात चालू ठेवू का? – वाचक, कॅनडा

क्रूझ बंद, आपोआप ब्रेक चालू. क्रूझ स्वतःहून वेग वाढवतो, आणि निसरड्या रस्त्यावर ते नको. शिवाय बंपरमागचा रडार चिखलट बर्फाने झाकला की तो मध्येच सुटतो. लेन-असिस्टला बर्फाखालचे पट्टे दिसत नाहीत. टायरांच्या चाकोऱ्यांना तो पट्टे समजू शकतो. आपोआप लागणारा ब्रेक रस्ता किती निसरडा आहे ते आधी ओळखत नाही. कोरड्या रस्त्यावर पुरेल अशा अंतरावर तो जागा होतो, तेव्हा 40च्या वेगाने काचबर्फावर लागणारे 63 मीटर समोर नसतात. धडक हलकी होईल, टळेल असं नाही. निघण्याआधी रडारचं झाकण आणि काचेवरचा कॅमेऱ्यासमोरचा भाग पुसा, छतावरचा बर्फही काढा. ब्रेक दाबला की तो घसरून काचेवर येतो. तुमच्या ओंटारिओ प्रांतात हिवाळी टायर सक्तीचे नाहीत, पण ते लावल्यास विमा कंपनीने हप्त्यात सूट द्यावी असा नियम आहे. शेजारच्या क्युबेकमध्ये जाऊन-येऊन असाल तर तिथे नोंदवलेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च ते सक्तीचेच.

प्रश्न : मनालीत पहाटे टायरच्या हवेचा दिवा लागतो, दिवसा विझतो. हवा थोडी कमीच ठेवली तर पकड वाढते ना? – वाचक, सांगली

वाढत नाही, ती युक्ती वाळूतली. पुण्यात 30 अंशांना 33 पीएसआय भरलेला टायर उणे 5 अंशांना त्याच उंचीवर साडेसत्तावीसच्या आसपास येईल. मनालीत बाहेरचा हवेचा दाब कमी असल्याने मीटर सुमारे 30 दाखवतो, म्हणून घट वाटते त्याहून कमी. दिवसा टायर तापला की दिवा विझतो. पहाटे गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्यापर्यंत भरा. परतताना मैदानात आल्यावर एखादा पीएसआय जास्त दिसेल, तेवढा चालतो. आणि चेन लावणार असाल तर हवा आधी भरा, चेन नंतर ताणा.